चार आण्यांची वाट

सोलापूरकर चालत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला कोजागरीच्या आदल्या रात्री तुळजापूर रोडला नेऊन उभं करावं. रस्ता गाड्यांना बंद असतो आणि रूपाभवानीपासून पुढं नुसती माणसं. बायका, पोरं, कारखान्यातून पाळी संपवून तसेच निघालेले कामगार, कडेवर लेकरू घेतलेले बाप. ठिकठिकाणी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे मंडप. पंचेचाळीस किलोमीटर अंतर लोक रात्रीत काटतात. आणि हाच माणूस चार दिवसांनी कोपऱ्यावरून दुधाची पिशवी आणायला गाडीला किक मारतो. म्हणजे चालता येत नाही असं नाही, निमित्त लागतं.

आमच्या कंपूला निमित्त मिळालं ते मास्तरांच्या लेकीमुळं.

आमचा कंपू कंबर तलावावरचा. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव लिहिलंय, पण तोंडात कंबर तलावच बसलाय. पहाटे फेऱ्या मारायच्या, मग गाड्यावर चहा आणि जगाचा न्यायनिवाडा. बहुतेक सगळे निवृत्त. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, म्हणजे उभी नोकरी दुसऱ्याच्या बांधावर उन्हात काढली. मास्तर गणिताचे. टॉवेलचे कारखानदार आहेत, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि आमच्याशी मराठी बोलतात, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. एक माळकरी बुवा, आषाढीची वारी न चुकवणारे. एक रेल्वेतले गार्डसाहेब. बँकेतून निवृत्त झालेल्या एक वहिनी आणि त्यांची नणंद. वहिनींचा चालण्याचा वेग असा की त्यांच्याबरोबर गप्पा मारायच्या तर आधी दम साठवून ठेवावा लागतो.

मास्तरांची लेक इंग्लंडमध्ये शेफील्डला असते. सुट्टीच्या दिवशी ती एका चालणाऱ्या मंडळाबरोबर जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या डोंगराळ भागात जाते. सोमवारी सकाळी तिचे फोटो आम्हाला बघावेच लागतात. हिरवे डोंगर, दगड रचून केलेली कुंपणं, मेंढरं, आणि शेवटचा फोटो ठरलेला: गावातल्या जुन्या पबात लांब बाकावर बसलेली, बुटांना चिखल लागलेली मंडळी. कुणी म्हातारं, कुणी तरुण, टेबलाखाली कुत्रं. अण्णांचं लक्ष ग्लासांकडं. माझं लक्ष एकदा एका लाकडी खांबाकडं गेलं. खांबावर पिवळा बाण होता आणि तो बाण सरळ कुणाच्या तरी शेताच्या मधोमध चालला होता.

मी मास्तरांना म्हटलं, हे काय ते लेकीला विचारा. शेताच्या मध्यातून वाट, आणि शेतकरी काठी घेऊन आला नाही?

उत्तर आलं ते वाचून मला रात्रभर बरं वाटत राहिलं. तिथं प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कार्यालयात पायवाटांचा अधिकृत नकाशा असतो. त्या नकाशावर वाट आली की ती सगळ्यांची. शेतकरी ती नांगरू शकतो, पण पंधरवड्याच्या आत पुन्हा करून द्यायची. हे फुकट मिळालेलं नाही. १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो लोक जमीनदाराची बंदी मोडून चढले आणि त्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. पुढं १९४९ ला कायदा झाला आणि १९५१ ला हाच पीक डिस्ट्रिक्ट त्यांचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्याच ईडेल गावात ‘ओल्ड नॅग्ज हेड’ नावाचा पब आहे. पेनाइन वे ही २६८ मैलांची वाट त्या पबापासून सुरू होते. अण्णा म्हणाले, “बघा, दारातनंच सुरू. संपायची वाट बघायला नको.”

आता माझं दुखणं सांगतो. हे सगळं ऐकून कंपूतले लोक म्हणाले, आपल्याकडं असलं काही नाही. आणि माझं डोकं फिरलं. अहो, आपल्याकडं आहे! कुठल्याही गावाचा नकाशा काढून बघा. दोन तुटक रेघा समांतर चालल्यात ती गाडीवाट. एकच तुटक रेघ चाललीय ती पायवाट. आणि त्यांची रुंदीसुद्धा ठरलेली आहे. आमची मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. तिचे भाग सोळा, आणि एकेका भागाला म्हणायचं आणा. साखळीचा चौरस, म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस झाले की एकर. या हिशेबात पायवाट चार आण्यांची, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीवाट आठ आणे, साडेसोळा फूट, आणि त्याहून थोडी जास्तही. सव्वाआठ फूट म्हणजे दोन माणसं गप्पा मारत जातील, समोरून बैल आला तरी बाजूला व्हायला जागा राहील. ज्यानं कुणी हे माप ठरवलं तो स्वतः चाललेला माणूस असणार.

पण नकाशातली वाट आणि जमिनीवरची वाट यांची गाठ पडत नाही. पाणंद, म्हणजे शेतांमधली जुनी वाट, दर पावसाळ्यात नांगराच्या एकेका तासानं आत खाल्ली जाते. इकडच्या शेतकऱ्यानं एक फूट घेतला, तिकडच्यानं एक फूट घेतला, मध्ये बाभळी उगवल्या, की झाली बंद. मग भांडण तहसीलदाराकडं. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३, बांधावरून रस्ता मागता येतो. हे दोन आकडे मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत. इतक्या वर्षांत माझं एक मत झालंय: वाट अतिक्रमणानं मरते ते नंतर, आधी ती चालणारं कुणी उरलं नाही म्हणून मरते. मोटारसायकल डांबरी रस्त्यानं जाते, पोरं शाळेच्या बसनं जातात, पाणंदीतून जातं कोण?

मी म्हटलं, आपण जाऊ.

कुठं जायचं याचा निकाल लवकर लागला. डोंगर म्हटलं की आपल्या लोकांना सह्याद्री आठवतो, आणि सह्याद्री सोलापूरहून एका दमात होत नाही. आणि आमची गुडघ्यांची अवस्था बघता राजगड-तोरणा आता फोटोतच बरे. पण बालाघाट तर दाराशी आहे. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, तुळजापूर साडेसहाशेच्या घरात. घाट चढताना बसमध्ये झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. हरिश्चंद्राच्या रांगेचा हा पूर्वेकडं गेलेला फाटा, काळ्या कातळाचा, माथ्यावर सपाट. उंची फार नाही, पण पाण्याची वाटणी करायचं काम तो चोख करतो. धाराशिवच्या कड्यावर पश्चिमेला पडलेला पाऊस भोगावतीतून सीनेला, सीनेतून भीमेला जातो. पूर्वेला पडलेला तेरणेतून मांजरेला आणि तिथून गोदावरीला. दोन्ही शेवटी बंगालच्या उपसागरातच, पण वेगवेगळ्या दारांनी.

पबाचा प्रश्न मात्र चहाच्या गाड्यावर बरेच दिवस चालला. अण्णांचं म्हणणं, चालून झाल्यावर बसायला जागा पाहिजे, नाहीतर ही वारीच झाली. बुवा म्हणाले, वारीला काय झालं? वहिनी म्हणाल्या, परमिट रूममध्ये मी येणार नाही, आणि तुम्हीही जाणार नाही. यावर अण्णा म्हणाले, वहिनी, फोटोतल्या बायका बसल्याच आहेत की. वहिनींचं उत्तर मला पटलं: “त्या उजेडात बसल्यात.”

हेच तर आहे. आपल्याकडं प्यायची जागा ही लपायची जागा. काचेला काळी फिल्म, दाराला पडदा, आत निळा दिवा, मोठ्या आवाजातला टीव्ही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, आणि तो चोरटेपणा भिंतींतही उतरलाय. तिथं बाईमाणूस, पोरंबाळं, मळलेल्या धोतराचा म्हातारा, कुत्रं, असं सगळं एका बाकावर कसं बसणार? तेव्हा ठरलं की दारूचा विषय बाजूला ठेवायचा आणि बसायच्या जागा शोधायच्या. अण्णांनी “निषेध” म्हणून चहाचे पैसे दिले नाहीत.

डिसेंबर संपता संपता निघालो. थंडी बऱ्यापैकी, तुरी काढणीला आलेल्या, शाळूची कणसं भरत आलेली. एस.टी.नं तुळजापूर, धाराशिव मागं टाकून येडशीला उतरलो. हा सगळा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा. आपण सोलापूर जिल्ह्याची शीव ओलांडतो तेव्हा आजोबा दुसऱ्या राज्यात जायचे, हे बसमध्ये शेंगदाणे खाताना सांगितलं तर तरुण कंडक्टरला पण नवल वाटलं.

येडशी आलं की गार्डसाहेबांना कुणी आवरू शकत नाही. कारण बार्शी लाइट. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी ही रेल्वे सुरू केली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. डबा-इंजिन कुठलंही असो, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये हा त्याचा हिशेब, म्हणून हलके रूळ पुरले आणि खर्च आटोक्यात राहिला. १९११ पर्यंत ती लातूरला पोचली. गार्डसाहेबांचे वडील पण रेल्वेतच, त्यामुळं ही गोष्ट ते घरातल्या माणसाची सांगतात. येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात गाडी इतकी रमतगमत चढायची की माणसं उतरून लघवी करून पुन्हा चढायची, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. (प्रत्येक छोट्या गाडीबद्दल असं सांगतात म्हणा.) ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिव शहरावरून वळवला, २००८ ला काम झालं आणि घाटातली जुनी लाइन सुटली. झाडीत तिचा भराव मध्येच दिसतो. गार्डसाहेब त्याच्यावर उभे राहिले, बूट आपटून बघितला आणि म्हणाले, “अजून ठोस आहे.” एवढंच. पुढचा अर्धा तास गप्प होते, जे त्यांच्याबाबतीत फार झालं.

रामलिंगचं रान मोठं नाही. अभयारण्य आहे जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. पण सोलापूरच्या उघड्या माळाची सवय असलेल्या डोळ्यांना ते पुरतं. धावडा, पळस, बोरी, सीताफळीची झुडपं, आणि कंबरेएवढं वाळलेलं गवत. या गवताची कुसळं मोज्यात शिरतात आणि टोकानं आत आत जात राहतात. ओढून काढायची तर उलटी निघत नाहीत, मोजा उलटा करून आतल्या बाजूनं उपसावी लागतात. नणंदबाईंनी साडीवर पोरीचे कॅनव्हासचे बूट घातले होते, मोजे नव्हतेच. त्यांना काही झालं नाही. आम्ही सगळे पुरुष दगडावर बसून मोजे उपसत होतो आणि त्या पिशवीतले धपाटे वाटत होत्या.

रामलिंगाचं देऊळ दरीत आहे, ओढ्याच्या वळणात. जटायू इथं रावणाशी लढून पडला अशी इथली कथा. श्रावणी सोमवारी गर्दीनं पाय ठेवायला जागा नसते म्हणतात, आम्ही गेलो तेव्हा माणसांपेक्षा माकडं जास्त होती. एकानं मास्तरांच्या हातातला अख्खा धपाटा नेला आणि समोर बसून शांतपणे खाल्ला, शेंगाचटणी तेवढी पुसून टाकली. बुवा म्हणाले, तिखट सोसत नाही, म्हणजे इकडचं नव्हे.

मुक्काम धाराशिवला. संध्याकाळी अण्णांच्या हट्टानं हायवेच्या एका मोठ्या ढाब्यावर गेलो. हिरवळ, कारंजं, झोपाळा, झाडांना गुंडाळलेली लाल-निळी माळ, सेल्फीसाठी पंखांचं चित्र. मेन्यू हातात घेतला तर पनीरच पनीर. भाकरी आहे का विचारलं तर पोऱ्या म्हणाला, बाजरी की ज्वारी, आणि आणली ती गव्हाच्या पोळीसारखी मऊ आणि गोडसर. ज्वारीच्या कोठारात बसून असली भाकरी! अण्णांना सुक्कं मटण मिळालं, ते खूश. पण खाऊन झाल्यावर दोन मिनिटं टेकावं तर वेटर बिल घेऊन डोक्यावर उभा, मागं रांग लागलेली. जेवण वाईट नव्हतं. बसायची जागा ती नव्हती.

दुसऱ्या दिवशीची जागा मात्र मिळाली, आणि शोधायला गेलो नव्हतो. धाराशिव लेणी शहरापासून फार लांब नाहीत. मी महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावरून गटांच्या हद्दी उतरवून घेतल्या होत्या, डांबरी सोडून शिवेच्या वाटेनं गेलो. काही ठिकाणी वाट नकाशात होती तशी होती. काही ठिकाणी तारेचं कुंपण, मग बांधावरून. एका जागी शेतातली बाई विळा घेऊन उभी राहिली, “कुठं चाललाव?” म्हणून. लेण्याला, म्हटल्यावर म्हणाली, “रस्ता सोडून?” पण बाजूला झाली आणि पुढं कुठं ओढा ओलांडायचा ते हातानं दाखवलं. वाटेत एके ठिकाणी हद्दीचा जुना दगड सापडला, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला तिवडा. अर्धा मातीत, वर शेंदूर. कुणीतरी त्याचा देव केलाय. मोजणीवाल्यासाठी याहून चांगली बातमी नाही. शेंदूर लागलेला दगड कुणी रातोरात सरकवत नाही.

लेणी बघितली. मोठ्या दालनात तीर्थंकर पार्श्वनाथांची मूर्ती आहे, आधी बौद्ध की आधी जैन यावर अभ्यासक भांडतात. आत गारवा चांगला, वटवाघळांचा वास त्याहून जोरात.

परतताना एका वाडीच्या तोंडाला पत्र्याचं खोपटं होतं. बाहेर चूल, दोन बाकडी, एक खाट. खानावळ म्हणावी तर पाटी नाही. बाई पन्नाशीच्या, भाकरी थापत होत्या. आम्ही जेवण मिळेल का विचारलं. “पिठलं हाय, वांगं हाय, कांदा फोडून देते,” एवढं बोलून त्यांनी आणखी पीठ काढलं. परातीत पिठाला गरम पाणी, मळताना तळव्याचा जोर, मग थापताना डावा हात भाकरी फिरवतो आणि उजव्या हाताची बोटं कडेला येईपर्यंत पातळ करत जातात. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली. मग तवा सरकवून आरावर उभी केली की टम्म फुगली. एक पापुद्रा इतका पातळ सुटला की पलीकडचा जाळ दिसत होता. मास्तर म्हणाले, एकीला नव्वद सेकंद. मास्तरांना मोजल्याशिवाय जेवण जात नाही.

वांग्याला काळं तिखट, वरून शेंगदाण्याचा कूट. अण्णांनी मटणाचं नावही काढलं नाही. जेवून खाटेवर, बाकड्यावर, खाली गोणपाटावर, जिथं जागा मिळाली तिथं बसलो. एक गुराखी आला, एक निवृत्त फौजी आला, मोटारसायकलवरचा दूधवाला थांबला. बाईंनी सगळ्यांना चहा टाकला, पैसे नंतर. फौजी आणि गार्डसाहेबांचं पठाणकोटवरून जमलं. गुराख्यानं आम्हाला पाणंदीचं खरं कारण सांगितलं: सोयाबीन आल्यापासून गुरं कमी झाली, गुरं कमी झाली म्हणून पाणंद कमी झाली. माझ्या कायद्याच्या सगळ्या कलमांपेक्षा हे वाक्य मला भारी वाटलं. उठायला चार वाजले. कुणी बिल घेऊन उभं नव्हतं. उलट आम्हीच दोनदा विचारलं तेव्हा बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि मास्तरांनी तो तपासून बरोबर असल्याचं जाहीर केलं.

तुळजापूरचं काय सांगू? दर्शन झालं, गर्दी होती, बुवांनी गोंधळ ऐकला, वहिनींनी परड्या घेतल्या. सोलापूरच्या माणसाला तुळजापूरबद्दल लिहिणं म्हणजे स्वतःच्या गल्लीचं वर्णन करणं.

शेवटी नळदुर्ग. हैदराबाद रोडनं जाणारे आपण सगळे तो किल्ला गाडीतून बघतो आणि पुढं जातो. आत गेलं की कळतं केवढा आहे. बोरी नदी अडवून बांध घातला आणि बांधाच्या पोटात महाल केला, १६१३ ला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि मधल्या पाणीमहालात माणूस कोरडा उभा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धबधबे कसले, पाणी जेमतेम भिंतीला चिकटून होतं. पण त्यामुळंच चिऱ्यांचे सांधे नीट बघता आले. मास्तर उपळी बुरुजाच्या पायऱ्या मोजत वर गेले. वरून तोफा आणि सगळा सपाट मुलूख दिसतो, शेतांचे तुकडे, बांध, आणि माझ्या डोळ्यांना लगेच सापडणाऱ्या पाणंदीच्या बाभळीच्या ओळी. १८५३ नंतर हा जिल्हा काही वर्षं इंग्रजांकडं होता, तेव्हा मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथंच राहत होता. राहायला जागा निवडली होती त्यानं!

बुवांना नळदुर्गच्याच मैलारपूरच्या खंडोबाला जायचं होतं. हा देव वर्षातला बराचसा काळ अणदूरला आणि थंडीतले काही दिवस नळदुर्गला असतो, पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. देवालासुद्धा बदलीची नोकरी, असं मी म्हणालो तर बुवांनी माझ्याकडं असं बघितलं की मी भंडारा जरा जास्तच लावून घेतला.

आणि मग हुरडा. दूधवाल्या माणसाच्या ओळखीनं एका शेतकऱ्यानं बोलावलं होतं, किल्ल्यापासून थोडं आत. शाळूच्या रानात खड्डा केलेला, त्यात गोवऱ्या पेटवून आर केलेला. शेतकऱ्याची आई आगटीशी बसलेली. कणसं आरात खुपसायची, खरपूस वास सुटला की काढायची आणि गरम असतानाच तळव्यात चोळायची. आजींच्या हाताला ते भाजत नाही. अण्णांनी एक कणीस हौसेनं घेतलं आणि दोन सेकंदांत मास्तरांच्या मांडीवर टाकलं. चोळलं की सुपात झेलायचं, एक फुंकर, कोंडा उडाला की हिरवट, मऊ, दुधाळ दाणे. गूळभेंडीचं वाण होतं, नुसतं खाल्लं तरी गोड. सोबत शेंगाचटणी, लसणाची चटणी, गूळ, दही. वर पाणी प्यायचं नाही, ताक. आजींनी प्रत्येकाला बजावलं, आणि वहिनींची पाण्याची बाटली काढून बाजूला ठेवली.

आगटीभोवती गोल बसावं लागतं, दुसरी सोयच नाही. तिथं मालक कोण, पाहुणा कोण हे कळत नाही. शेजारचे दोघं आले, एक शाळकरी पोर आलं, कुत्रं होतंच. बोलता बोलता शेतकऱ्यानं मला विचारलं, “साहेब, तुम्ही मोजणीत होता म्हणं?” मला कळलं आता काय येणार. वरच्या शेतकऱ्यानं दिवाळीनंतर त्याची वाट अडवली होती. ऊस उभा राहील, पण तो बाहेर काढायला ट्रॅक्टर येणार नाही. ज्यानं अडवली तो तिथंच आगटीपाशी कणीस चोळत बसला होता! आणि दोघंही शांत. वरचा म्हणाला, वाट माझ्या गटातून नाहीच. खालचा म्हणाला, आजोबापासनं हाय.

मी म्हटलं, भांडू नका, भूमी अभिलेखातून गावनकाशाची नक्कल काढा. तुटक रेघ दिसली तर वाट आहे, दिसली नाही तर बांधावरून मागा, १४३ खाली. वहिवाटीची असेल तर कलम ५, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर दार बंद. दिवाळीला अडवली म्हणजे चैत्राच्या आतच तहसीलात जा. आणि खरं सांगू, दोघं मिळून गेलात तर अर्जाचीही गरज नाही. रुंदी किती सोडू, वरच्यानं विचारलं. त्यात पडेल आवाज होता, पण प्रश्न होता. ट्रॅक्टर जायचा तर आठ आणे, मी म्हणालो, आणि साखळीचं सगळं पुराण पुन्हा सांगावं लागलं. आजींना आणे माहीत होते. “साडेसोळा फूट? येवढी कशाला,” त्या म्हणाल्या, “बैलगाडीला पुरंल येवढी द्या, टॅक्टर वाकडा करून आणंल.” यावर दोन्ही बाजूंचे एकदम हसले. पुढं त्यांचं काय ठरलं ते त्यांचं.

अण्णांनी माझ्या सल्ल्याची फी म्हणून आणखी एक सूप हुरडा वसूल केला.

परतीच्या बसमध्ये पुढचं ठरवायला घेतलं ते सोलापूर येईपर्यंत ठरलं नाही. अण्णांना परंड्याचा किल्ला करायचाय, कारण त्या बाजूला त्यांच्या एका सुताच्या व्यापाऱ्याकडं मटण चांगलं असतं. बुवांना माणकेश्वरचं महादेवाचं देऊळ. गार्डसाहेबांना जिथून जुनी लाइन दिसेल तिथं कुठंही. वहिनींची अट एकच, ढाबा नको, बाईच्या हातची भाकरी असेल तर येते. नकाशांसाठी मी अर्ज करून ठेवलाय, नक्कल आली की कंबर तलावावर घेऊन येतो.